वाचकांचे प्रश्न : शेवटचा शब्द ऐकू यायला हवा

प्रश्न : स्नेहसंमेलनासाठी चौथीच्या मुलांचे २० मिनिटांचे नाटक बसवत आहे. वर्गात मुले छान बोलतात, मात्र रंगमंचावर त्यांचा आवाज मागे पोहोचत नाही आणि ती प्रेक्षकांकडे पाठ करतात. काय करावे?

उत्तर : मुलांना ‘मोठ्याने बोला’ असे कृपया सांगू नका, कारण त्याने ती किंचाळतात आणि शब्द अधिकच अस्पष्ट होतात. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो; ‘मी राजाकडे जाणार नाही’ यातला ‘नाही’ गिळला गेला, की प्रसंगाचा अर्थच उलटतो. म्हणून वाक्याआधी श्वास घेण्याची सवय लावा आणि तालमीत एका मुलाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवून, शेवटचा शब्द ऐकू आला नाही की हात वर करायला सांगा. हे काम मुले फार मनापासून करतात.

पाठ वळू नये यासाठी, दोघे बोलत असताना पायांची बोटे सभागृहाच्या कोपऱ्यांकडे ठेवायला शिकवा, आणि हातवारे प्रेक्षकांपासून दूरच्या हाताने करून घ्या, म्हणजे चेहरा झाकला जात नाही. जागांच्या खुणा खडूने करा. विंगेतून वाक्ये पुरवणे मात्र शेवटच्या ३ तालमींत पूर्ण थांबवा.