‘सागा’ ही कॉमिक्स मालिका एवढी कशी गाजली? मराठी वाचकाने ती वाचावी का?

तुम्ही लिहिलंय की पहिली काही पानं वाचली, टीव्हीचं डोकं असलेला राजपुत्र आला, त्याचे नको ते उद्योग दिसले आणि पुस्तक मिटलं. माझंही पहिल्यांदा तसंच झालं होतं. पुन्हा उघडलं ते मात्र अक्षरांसाठी.

मी समीक्षक वगैरे नाही. बेळगावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, हे आमचं रोजचं काम. ‘मदुवेय ममतेय करेयोले’ (लग्नाचं प्रेमाचं आमंत्रण) ही कन्नड ओळ मी शेकडो वेळा टाकली असेल, आणि कन्नड नीट वाचायला शिकलो त्याच्या कितीतरी नंतर. आधी नुसते आकार जुळवायचो. अर्थ गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर कळायचा, चूक झाली की त्याची भुवई वर जायची.

आता गोष्ट. लँडफॉल हा ग्रह आणि रीथ हा त्याचा चंद्र. इकडचे पंखवाले, तिकडचे शिंगवाले. इकडे यंत्र, तिकडे मंत्र. म्हणूनच हिला निव्वळ विज्ञानकथा म्हणत नाहीत, जादू आणि रॉकेट एकाच चौकटीत नांदतात. वैर जुनं, पण ग्रह-चंद्रापैकी एक उडवला तर दुसराही कक्षेतून भरकटणार. मग दोघांनी काय केलं, तर लढाई दुसऱ्यांच्या ग्रहांवर ढकलली. यांच्या घरी शांतता आणि मरतात भलतेच. कल्पनेतली ही एवढी एकच गोष्ट असती तरी मी मालिकेला सलाम केला असता. अलाना पंखवाली, कैद्यांवरची पहारेकरी. मार्को शिंगवाला, कैदी. दोघं पळतात, लग्न करतात, मुलगी होते आणि दोन्हीकडचे लोक जिवावर उठतात. कारण त्या मुलीला शिंगंही आहेत आणि पंखही.

लेखक ब्रायन के. व्हॉन. हे विश्व त्याने शाळेत गणिताच्या तासाला कंटाळून डोक्यात रचायला घेतलं होतं. कागदावर आलं ते स्वतः बाप झाल्यावर. त्याला लिहायचं होतं मूल वाढवण्याबद्दल, पण जागरणं आणि दुपटी यांवर कॉमिक्स कोण विकत घेणार? म्हणून अंतराळयुद्धाचं वेष्टण. त्याआधी त्याने टीव्हीसाठीही लिहिलं होतं, आणि इथे मुद्दाम ठरवलं की सिनेमात किंवा टीव्हीवर जमणार नाही तेच सगळं करायचं. चित्रं कॅनडाच्या फिओना स्टेपल्सची. प्रकाशक इमेज कॉमिक्स, तिथे हक्क निर्मात्यांकडेच राहतात, त्यामुळे ‘हे काढा, ते झाका’ म्हणणारा वर कुणी नाही. पहिला अंक १४ मार्च २०१२ ला आला. ४४ पानं, जाहिरात एकही नाही, किंमत २.९९ डॉलर. मुखपृष्ठावर शिंगवाला नवरा, पंखवाली बायको आणि तिच्या अंगावर पिणारं बाळ. माझ्याकडे बांधीव पहिला खंड आला, त्यावरही तेच चित्र. खोकं फोडलं तेव्हा आजी शेजारीच होती. “काय वाचूलालास रे?” म्हणत तिने पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, “पोरगं नीट धरलंय की तिनं.” पंखांबद्दल अवाक्षर नाही.

तर अक्षरं. गोष्ट सांगते ती मुलगी, हेझल, मोठी झाल्यावर. चित्रात ती तान्ही असते आणि वाक्य मात्र जाणत्या बाईचं. ही वाक्यं चौकटीत कोंबलेली नाहीत. स्टेपल्स ती स्वतःच्या हाताने चित्रावरच लिहिते, कधी आभाळात, कधी भिंतीच्या कडेला. बाकीचे संवादांचे फुगे रीतसर फॉन्टमधले. त्यामुळे डोळ्याला न सांगता कळतं की आत्ता घडतंय ते कुठलं आणि आठवणीतलं कुठलं. आमच्या धंद्यात एक फॉन्ट बदलायला गिऱ्हाईक तीनदा फोन करतं, म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक असेल.

दुसरं, भाषा. रीथची भाषा ‘ब्लू’ म्हणजे प्रत्यक्षात एस्पेरांतो. १८८७ मध्ये झामेनहॉफने मांडलेली, सगळ्यांनी मिळून वापरावी म्हणून बनवलेली भाषा. हा गृहस्थ आजच्या पोलंडमधल्या बियालिस्तोकचा. एका गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश बोलणारे, आणि एकमेकांचं पटत नाही. (बेळगावकराला पुढचं सांगायला नको.) मालिकेत ही भाषा निळ्या अक्षरांत येते आणि खाली तळटीप नसते. समजलं तर समजलं. अमेरिकेतल्या वाचकाला हे नवं वाटलं असेल. मी चेहरे बघत पुढे गेलो, जन्मभर तेच केलंय. आणि अलाना-मार्कोचं एकमेकांशी कसं जमतं? लग्नाच्या अंगठ्याच भाषांतर करतात.

ते वाचून मला माझंच एक काम आठवलं. मुलगा शहापूरचा मराठी, मुलगी गोकाकची कन्नड. लग्न ठरलं, सगळ्यांची संमती होती, आणि भांडण पेटलं ते पत्रिकेचं पहिलं पान कुठल्या भाषेत यावर. दोन्हीकडची माणसं माझ्या काउंटरवर तासभर उभी होती. शेवटी मी घडीच काढून टाकली. एकच जाड कार्ड, दोन्ही बाजूंना गणपती. मुलाच्या आत्याने ते चार वेळा उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “मग मागची बाजू कुठली?” मी म्हटलं, मागची बाजूच नाही.

गाजण्याचं म्हणाल, तर २०१३ साली कॉमिक्ससाठीच्या आयस्नर पुरस्कारांत उत्कृष्ट नवी मालिका आणि उत्कृष्ट चालू मालिका ही दोन्ही बक्षिसं हिलाच मिळाली, शिवाय लेखनाचंही. त्याच वर्षी पहिल्या खंडाला विज्ञानकथांसाठीचा ह्युगो पुरस्कार. विरोधही झाला. एप्रिल २०१३ मध्ये १२ वा अंक आयफोन-आयपॅडच्या अॅपवर दिसेना. राजपुत्राच्या टीव्ही-चेहऱ्यावरची दोन छोटी समलैंगिक दृश्यं हे कारण. व्हॉनने दोष अॅपलला दिला, ओरड झाली, आणि दुसऱ्याच दिवशी अंक विकणाऱ्या कॉमिक्सॉलॉजीने कबूल केलं की नियमाचा अर्थ आम्हीच तसा लावला होता. २०१४ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या ‘सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या’ पुस्तकांत ही सहावी होती. आक्षेपांत एक होता ‘कुटुंबविरोधी’. पानापानावर आई-बाप पोरीला छातीशी धरून पळताहेत आणि पुस्तक म्हणे कुटुंबविरोधी!

उणं सांगायचं तर अंकाच्या शेवटच्या पानावर धक्का द्यायची व्हॉनला खोड आहे. आधी मजा येते, मग आपण त्या पानाआधीच सावध होऊन बसतो. मधल्या काही खंडांत माणसं फार झालीत, कोण कुणाच्या मागावर आहे ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं. यात एक मांजर आहे, ते मात्र एकदम पक्कं. कुणी खोटं बोललं की ‘लाइंग’, म्हणजे ‘खोटं’, एवढंच म्हणतं. आमच्या काउंटरवर असं एक हवं होतं, ‘पैसे उद्या देतो’वाल्यांसाठी.

जुलै २०१८ मध्ये ५४ व्या अंकावर व्हॉन आणि स्टेपल्स थांबले. निदान वर्षभराची सुट्टी म्हणाले होते, परतले जानेवारी २०२२ मध्ये. १०८ अंकांचा बेत आहे, म्हणजे ५४ ला गोष्ट अर्ध्यावर होती.

तेव्हा राजपुत्राला ओलांडा आणि पहिले सहा अंक, म्हणजे पहिला खंड, सलग वाचा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, चित्रंही उघडी आहेत आणि मारामारीही. बेळगावात कुणाला हवा असेल तर माझी प्रत सध्या नाही. तोच शहापूरचा मुलगा घेऊन गेलाय. परत कधी देतोस विचारलं तर म्हणाला, बायको आधी वाचतेय, माझा नंबर अजून आलेला नाही.