उलटं लागलेलं टोक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या अंबडला नोकरी लागल्याचं कळवलंस, फार बरं वाटलं. टेस्टिंगला टाकलं म्हणून तू थोडा खट्टू दिसलास, पण ते उत्तमच झालं. दोन वर्षं टेस्टिंग केलेला माणूस डिझाइनच्या टेबलावर बसला की ड्रॉइंग वेगळ्या डोळ्यांनी वाचतो.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "मॅडम, आयईईई किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची मेंबरशिप घेऊन मिळतं काय? वर्गणी भरायची आणि बायोडाटात एक ओळ वाढवायची, एवढंच ना?" तेवढ्यासाठीच घ्यायची असेल तर पैसे वाचव. पण आधी एक घटना ऐक.

तीसेक वर्षांपूर्वी सिन्नरच्या बाजूला एका कारखान्यात ओव्हरहॉलनंतर ट्रान्सफॉर्मर चार्ज करायचा होता. 10 एमव्हीए, 33/11 केव्ही. नो लोडवर छान उभा राहिला, आवाजही नेहमीसारखा. लोड चढवायला लागलो आणि दोन्ही बाजूंचा करंट ताडून बघणाऱ्या डिफरन्शियल रिलेनं ब्रेकर पाडला. तेल किती व्होल्टेज सोसतं ते, म्हणजे बीडीव्ही, घेतली, मेगरनं इन्सुलेशन पाहिलं, रेशो पाहिला, वाइंडिंग रेझिस्टन्स घेतला. सगळं ठीक. पुन्हा चार्ज, पुन्हा लोड, पुन्हा ट्रिप. दीड दिवस कारखाना बंद होता. दुसऱ्या रात्री मी टॉर्च हातात घेऊन मार्शलिंग बॉक्समधली, म्हणजे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीतली, एकेक वायर तिच्यावरचा नंबर, म्हणजे फेरुल, वाचत तपासली. 11 केव्हीच्या बाजूला बी फेजच्या सीटीची, म्हणजे रिलेला करंट पुरवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची, एस-1 आणि एस-2 ही टोकं उलट लागलेली. लोड नव्हता तोवर त्या बाजूनं करंटच नव्हता, म्हणून चूक दिसली नाही. लोड आल्यावर जे करंट रिलेमध्ये एकमेकांना खोडायला हवेत, त्यांची बेरीज झाली. वायर वायरमननं जोडली होती, पण टेस्ट शीटवर पोलॅरिटीपुढे, म्हणजे टोकं बरोबर लागली का त्यापुढे, "ओके" लिहून सही माझी होती. पोलॅरिटी मी स्वतः पाहिली नव्हती.

दोन महिने हे मी कुणाजवळ बोलले नाही. मग नाशिकमध्ये इंजिनिअरांच्या मासिक सभेत प्रोटेक्शनवर व्याख्यान होतं. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी मागच्या रांगेतून उठले आणि सगळं सांगून टाकलं. सभागृह गप्प. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात हयात घालवलेले एक गृहस्थ वळून म्हणाले, "स्टॅबिलिटी टेस्ट घेतली होती का?" घेतली नव्हती. मला ती कुणी शिकवलीच नव्हती. त्यांनी फळ्यावर काढून दाखवली. 11 केव्हीची बाजू शॉर्ट करायची आणि 33 च्या बाजूला साधा 415 व्होल्टचा थ्री फेज द्यायचा. ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, 10 टक्के धरला तर साधारण 22 अँपिअर वाहतात. एवढ्यात काही जळत नाही, पण सीटीच्या सेकंडरीला मोजण्याजोगा करंट येतो. रिलेतला स्पिल करंट, म्हणजे न खोडता उरलेला करंट, शून्याजवळ असला तर जोडणी बरोबर. एखादा सीटी उलटा असेल तर आकडा लगेच बोलतो. तासा-दोन तासांचं काम. ते बसले आणि आणखी दोघे उठले. "आमच्याकडेही असंच झालं होतं."

त्या दिवशी मला इंजिनिअरांची सोसायटी म्हणजे काय ते कळलं. कंपनीच्या गेटाच्या आत चुकीवर अहवाल होतो आणि अहवाल फायलीत जातो. शेजारच्या प्लॉटवरच्या कारखान्यात तीच चूक दुसऱ्या वर्षी नव्यानं होते, कधी कुणाच्या जिवावर बेतते. चूक गेटाबाहेर आणून सांगायला जागा लागते, आणि ऐकणारे त्याच धंद्यातले लागतात.

आपल्याआधीच्यांनी ती जागा फार पूर्वी केली. 1884 साली अमेरिकेत विजेच्या इंजिनिअरांची संस्था निघाली, 1912 साली रेडिओवाल्यांची, आणि 1963 मध्ये दोन्ही मिळून आयईईई झाली. आपली इन्स्टिट्यूशन 1920 ची, 1935 साली तिला रॉयल चार्टर मिळाला. आणि तो 1884 चा योगायोग बघ. त्याच वर्षी पुण्यात शिकलेले विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले आणि नाशकातच नेमले गेले. 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, त्यांच्या फोटोला हार घालून कार्यक्रम आटोपतात तेव्हा माझा जीव तुटतो. त्या दिवशी निदान एखाद्यानं आपल्या साइटवरची एक चूक सांगावी.

तू आत्ता एवढंच कर. सहा महिने नुसता सभेला जा. खुर्च्या मांड, वक्त्याला स्टेशनवरून आणायला जा, मिनिट्स लिही. मिनिट्स लिहिणाऱ्याला कान देऊन ऐकावंच लागतं. पदासाठी घाई करू नकोस; आयईईईत सीनिअर मेंबर व्हायलाही दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, आणि ते योग्यच आहे. दुसरं, भारतीय मानक ब्युरो मानकांचे मसुदे अभिप्रायासाठी खुले करतं. अर्थिंगचं आयएस 3043 तू रोज वापरशील. त्याच्या पुढच्या मसुद्यात एखादं कलम साइटवर जुळत नाही असं वाटलं तर आकड्यांसह लिहून पाठव. पंचवीस वर्षांच्या पोरानं लिहिलं म्हणून कुणी बाजूला ठेवत नाही. आकडे बरोबर हवेत.

एक पथ्य मात्र पाळ. दोष सांग, पण ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग परवानगीशिवाय सभेत नेऊ नकोस. आणि जमलं तर तुमच्या शॉपमधल्या वायरमनला सोबत ने. आपल्या सभांना तो कधी बोलावला जात नाही, ही गोष्ट मला अजून सलते. त्या बॉक्समध्ये हात त्याचा असतो.

नाशिकजवळ शिलापूरला सीपीआरआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा झाली, हे तुझं भाग्य. आमच्या वेळी शॉर्ट सर्किट टेस्टसाठी माल भोपाळला किंवा बंगळुरूला धाडायचा आणि आम्ही इकडे तारेची वाट बघत बसायचो. तिथे टेस्ट बघायला मिळाली तर रजा टाकून जा.

पुढच्या महिन्यातल्या सभेला मी येणार आहे. ती जुनी टेस्ट शीट अजून माझ्या कपाटात आहे, घेऊन येते. तू लिहिलं होतंस ना, की एका ब्रेकरचा बी पोल बाकीच्या दोन पोलांपेक्षा उशिरा बंद होतोय आणि साहेब म्हणाले "चालतंय"? त्याचं टायमिंगचं रीडिंग घेऊन ये. मागच्या रांगेत बसू.

तुझी,
मॅडम