कुणाच्याही मांडीवर

'मावशी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दहा महिन्यांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका शिशुगृहातून मुलगी दत्तक घेतली, तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती. आता तीन पूर्ण झाली तरी दोन-दोन शब्दांचंच बोलते. मैत्रिणींची याच वयाची मुलं गोष्टी सांगतात. बाहेर फार गुणी आहे, कुणाकडेही जाते. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात तर एका अनोळखी काकांच्या मांडीवर झोपून गेली. घरी मात्र मला चावते, ओरबाडते. फक्त मलाच! माझं काय चुकतंय? डिसेंबरात सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत. त्या तिचं सगळं बघतील आणि मी पूर्णवेळ ऑफिसला जाईन असं ठरतंय. तिचं बोलणं कसं वाढवू?'
– एडिसनची आई

अगं, बोलण्याचं नंतर बघू. आधी त्या काकांचं बघू.

तुझ्या चार पानी पत्रात त्यांच्या वाट्याला एक ओळ आलीय, तीही कौतुकाची. ढोल-ताशे, शे-दीडशे माणसं, आणि तीन वर्षांची मुलगी नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसाच्या मांडीवर चढून झोपते. झोपण्याआधी तिनं एकदा तरी मान वळवून तुला शोधलं का? तुझं लक्षच गेलं नसणार. आपल्याकडे 'कुणाकडेही जाते हो' हे बाळाला मिळणारं पहिलं प्रशस्तिपत्रक, आणि आईला चिकटणारं पोर म्हणजे किरकिरं. खरं तर परक्याला पाहून आईच्या पायांना मिठी मारणाऱ्या पोराला आपलं माणूस कोण ते पक्कं कळलेलं असतं.

शिशुगृहात ते कळायला वाव कुठून असणार? शिफ्ट संपली की सांभाळणारी मावशी बदलते. मावशी कितीही मायाळू असली तरी संध्याकाळी ती स्वतःच्या मुलांकडे घरी जाते. मग लेकरू आपल्यापुरता मार्ग काढतं. जी मांडी मोकळी दिसेल ती आपली.

१९८९ साली रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांतली बरीच मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुमानियातून दत्तक आलेल्या १६५ मुलांचा, त्यांतली बहुतेक अनाथालयांतली, मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली मुलं ब्रिटनमध्येच जन्मलेल्या दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ अनाथालयात काढलेल्यांची वजनं भरली, पुष्कळांची बुद्धीही सावरली. पण परक्याबरोबर सहज चालू लागण्याची ही सवय त्यांतल्या काहींच्यात तरुणपणापर्यंत टिकली. तिथली बाळं दिवसचे दिवस पाळण्यात पडून असायची, तुझ्या मुलीचं तसं झालेलं दिसत नाही. तेव्हा घाबरू नकोस. फक्त त्या वागण्याला 'गुणी' म्हणणं आजपासून बंद.

आता चावण्याचं. 'फक्त मलाच' खाली तू दोन रेघा मारल्यास, आणि मला ते वाचून हायसं वाटलं. काकांना ती चावली नाही, कारण परक्याशी गोड राहिलं की निभतं, हे ती शिकून आलीय. चिडायला, ओरबाडायला हक्काचं माणूस लागतं. मला तर दिसतंय की दहा महिन्यांत तिनं तुला निवडायला घेतलंय. आणि नेमकी आत्ताच तू तिला पुढच्या मांडीवर ठेवून ऑफिसला निघालीस!

सासूबाईंना येऊ दे. त्यांनी स्वयंपाक करावा, मेथी निवडावी, सगळ्या घराच्या पोळ्या लाटाव्यात. पण मुलीला भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, पडली तर उचलणं, हे फक्त तू आणि तुझा नवरा. त्या असेपर्यंतचे सहाही महिने. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे. नातीचे लाड त्यांना पुढची वीस वर्षं करता येतील. मंडळात कुणी हात पसरले तर 'टाटा कर' म्हणायचं आणि कडेवरून खाली सोडायची नाही, ती स्वतः झेपावली तरीही. पूर्णवेळ ऑफिसही तेवढं पुढे ढकल, किंवा नवऱ्यानं अर्धी रजा घ्यावी. चार पानांत तो बिचारा एकदाच आलाय, विमानतळावर बॅगा उचलताना.

बोलण्याचं थोडक्यात. कान तपासून घे, स्पीच थेरपी सुचवली तर लाव. आणि लवकर शिकावी म्हणून घरात इंग्रजी सुरू केलं असशील तर थांबव. तिच्या जुन्या जगातली मराठी तेवढी तिच्यासोबत विमानातून आलीय, तीही काढून घेऊ नकोस. मैत्रिणींच्या मुलांशी तुलना तर मुळीच नको, त्या मुलांना पहिल्या दिवसापासून एकच आई होती.

पुढच्या वेळी चावली की हात सोडवून घे, 'मला दुखतं' म्हण आणि तिथेच तिच्याजवळ बसून राहा. टाइम-आउट म्हणून कोपऱ्यात एकटी बसवू नकोस, एकटं बसण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

सासूबाईंना फोन मात्र तू करू नकोस. नवऱ्याला करू दे, त्याची आई आहे.

– मावशी