कागदावर पंधरापैकी पंधरा, तरी भाऊ पहिल्यासारखा नाही

प्रश्न : भाऊ दुचाकीवरून पडला, डोक्याला मार लागला. नागपूरहून सुटी झाली तेव्हा कागदावर 'जीसीएस १५' होतं. दोन महिने झाले; अजून चिडतो, विसरतो. सुधारणा मोजायची कशी?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल; तो आकडा फक्त शुद्धीचा. १९७४ साली ग्लासगोत तयार झालेल्या या मोजपट्टीत डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ गुण. स्मरण, राग, हिशेब त्यात येतच नाहीत.

घरी वही ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी झोप पूर्ण झाल्यावर. चिठ्ठी न देता किराणा दुकानातून तीन वस्तू आणायला सांगा. किती आणल्या, उरलेले पैसे बरोबर आले का, किती वेळा आठवण द्यावी लागली, हे लिहा. शेवटचा आकडा सगळ्यांत बोलका. दर वेळी वस्तू बदला, नाहीतर पाठ होतात. घरचे मायेपोटी मध्येच उत्तर पुरवतात अन् नोंद फुगते. फिटच्या गोळीने गुंगी येत असेल तर तेही लिहा. गोळी मनानं बंद करू नका. एखादा आठवडा घसरला तरी चालेल, महिन्याचा कल पाहा. वही तपासणीला सोबत न्या.

डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, झोपाळूपणा किंवा एका बाजूची कमजोरी दिसली, तर लगेच १०८ लावा. मार लागल्यावर काही आठवड्यांनीही मेंदूभोवती रक्त साचू शकतं.