‘झायमॉटिक डेथ रेट’ मराठीत कसा लिहावा?

प्रश्न असा आहे: १९०८ सालच्या इंग्लंडमधल्या एका अर्बन डिस्ट्रिक्टच्या आरोग्य अहवालात ‘झायमॉटिक डेथ रेट १.२’ असं दिलंय, तिथे ‘संसर्गजन्य रोगांचा मृत्युदर’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. क्षयाचा जंतू १८८२मध्येच सापडला होता, तरी क्षय या आकड्यात धरत नसत. त्यात ठरलेले सातच रोग येतात: देवी, गोवर, स्कार्लेट फीवर, घटसर्प, डांग्या खोकला, ‘फीवर’ आणि अतिसार. यातला ‘फीवर’ म्हणजे साधा ताप नव्हे. टायफस, विषमज्वर आणि नुसता ‘कंटिन्यूड’ (सतत राहणारा) म्हणून नोंदलेला ताप, असे तिन्ही मिळून एक रकाना.

मूळ ग्रीक शब्द ‘झ्यूमे’, म्हणजे आंबवण. इंग्लंडमधल्या मृत्यूंची आकडेवारी मांडणाऱ्या विल्यम फारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे नाव रुळवलं, तेव्हा शरीरात विष आंबल्यासारखं पसरतं अशी कल्पना होती. म्हणून कुणी ‘किण्वजन्य’ सुचवेल, पण ते वाचून डोळ्यांपुढे इडलीचं पीठच येईल. ‘सात प्रमुख साथरोगांचा मृत्युदर’ लिहा आणि पहिल्या उल्लेखाला तळटीपेत सातही नावं द्या.

आकडा दर हजार लोकसंख्येमागे असतो. वस्ती २०,००० आणि असे मृत्यू २४, तर दर १.२. अहवालात शेजारीच दिलेला बालमृत्युदर मात्र दर हजार जिवंत जन्मांमागे असतो. दोन्ही एकाच तक्त्यात घालताना छेद लिहायला विसरू नका. दोन जनगणनांच्या मधली लोकसंख्या अंदाजाने धरलेली असे. १९०१च्या जनगणनेआधीचाच वाढीचा वेग पुढे चालू धरला आणि वाढ प्रत्यक्षात मंदावली, तर छेद फुगतो आणि दर खोटाच कमी दिसतो. शिवाय एवढ्या छोट्या गावात गोवराच्या एका साथीत २० मुलं गेली, की दर एकदम १ने वर जातो.

रुग्णसंख्येशी तुलना करण्याच्या फंदात तर पडूच नका. संसर्गजन्य रोगांचे रुग्ण कळवण्याबाबतच्या १८८९च्या नोंदणी कायद्याच्या मूळ यादीत गोवर, डांग्या खोकला आणि अतिसार नव्हते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्यांचे मृत्यू कळतात, रुग्ण कळत नाहीत.

आणि ‘अर्बन डिस्ट्रिक्ट’ला ‘शहरी जिल्हा’ लिहू नका. १८९४च्या कायद्याने आलेलं हे एकक आपल्याकडच्या छोट्या नगरपालिकेच्या हद्दीएवढं. ‘जिल्हा’ म्हटलं की वाचकाला कलेक्टर कचेरी आठवते.