निष्पत्ती, फलित की फलश्रुती?

प्रश्न असा आला आहे: महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅक या परिषदेसाठीचा अहवाल मराठीत लिहायचा आहे. ‘लर्निंग आउटकम’ला, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला जे करता यायला हवे त्याला, एका विभागाने फलित म्हटले, दुसऱ्याने परिणाम, तिसऱ्याने चक्क फलश्रुती. ‘असेसमेंट’ म्हणजे मूल्यमापन की मूल्यांकन? आणि ‘अटेनमेंट’चे, म्हणजे ठरवलेले किती साधले त्याचे, काय करायचे?

‘आउटकम’साठी नवा शब्द शोधण्याची गरज नाही. शाळेच्या पातळीवर ‘अध्ययन निष्पत्ती’ केव्हाच रुळला आहे, बालभारतीच्या पुस्तकांत तो छापलेला असतो. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी तो ऐकूनच आलेला असतो, मग प्राध्यापकांनी वेगळी चूल मांडण्यात अर्थ नाही. शब्द अर्थानेही नेमका आहे. ‘निस्’ आणि ‘पद्’ मिळून निष्पत्ती, म्हणजे प्रक्रियेतून जे निघून हाती येते ते. ‘चौकशीत असे निष्पन्न झाले’ या कचेरीतल्या वाक्यात हाच धातू आहे, आणि तिथेही अर्थ तोच: मनात होते ते नव्हे, तपासल्यावर जे सिद्ध झाले ते.

‘परिणाम’ला मराठीत बरेवाईटपणाचा वास आहे, शेजारी ‘दुष्परिणाम’ उभाच असतो. शिवाय हिंदीत परीक्षेच्या निकालालाच परिणाम म्हणतात, त्यामुळे घोळ वाढतो. ‘फलित’ चालेल, पण तो एखाद्या उपक्रमाच्या शेवटी मागे वळून म्हणायचा शब्द आहे, अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर तो अवघडून बसतो. फलश्रुती मात्र नको. स्तोत्राच्या शेवटी ‘हे म्हटल्याने काय मिळते’ ते सांगणारा भाग म्हणजे फलश्रुती. गणपतिस्तोत्रात ‘षड्भिर्मासैः फलं लभेत्’ असे आश्वासन आहे. सहा महिने म्हणजे बरोबर एक सत्र, हा योगायोग गमतीचा. पण त्याच श्लोकाच्या शेवटी ‘नात्र संशयः’ही आहे. मूल्यमापनाची सुरुवातच संशयापासून होते. (बरेच अहवाल वाचल्यावर फलश्रुती हाच शब्द प्रामाणिक वाटू लागतो, ते वेगळे.)

खरी अडचण उद्दिष्ट आणि निष्पत्ती एकमेकांत मिसळण्याची आहे, आणि तिथे मराठी व्याकरण फार कामाला येते. ‘साहित्याची अभिरुची निर्माण करणे’, ‘सामाजिक जाणीव रुजवणे’, ‘परिचय करून देणे’ ही वाक्ये पाहा. निर्माण कोण करणार, रुजवणार कोण? शिक्षक किंवा विभाग. विद्यार्थी इथे कर्ता नाही, म्हणून ही सगळी उद्दिष्टे झाली. शीर्षक बदलून तीच यादी ‘निष्पत्ती’ म्हणून पुन्हा छापणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

मग वाक्य विद्यार्थ्याकडे वळवले जाते: ‘विद्यार्थ्याला व्याकरणातील प्रयोगांचे प्रकार समजतील.’ अजूनही निष्पत्ती नाही. कळणे, समजणे, उमगणे, वाटणे या क्रियापदांत विद्यार्थी ‘विद्यार्थ्याला’ असा चतुर्थीत येतो. त्याच्या बाबतीत काहीतरी घडते, तो काही करत नाही. चाचणी सोपी आहे: क्रियापदाला ‘-ता येईल’ जोडून पाहा. ओळखता येईल, मांडता येईल, काढता येईल, तुलना करता येईल. पण ‘कळता येईल’ किंवा ‘उमगता येईल’ असे मराठी माणूस म्हणत नाही. कर्त्याच्या हातात नसलेली क्रिया हे रूप घेत नाही, आणि जी त्याच्या हातात नाही ती त्याच्याकडून करून घेऊन तपासणार कशी?

या चाचणीतून पळवाटा निघतात. ‘समजून घेता येईल’, ‘आकलन करता येईल’, ‘आस्वाद घेता येईल’ ही रूपे व्याकरणाला मान्य आहेत, पण तपासनिसाला दिसत नाहीत. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा: उत्तरपत्रिकेवर किंवा प्रात्यक्षिकात यातले नक्की काय दिसेल? ‘दिलेल्या परिच्छेदातील कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग ओळखून त्यांची कारणे सांगता येतील’ हे वाक्य दोन्ही प्रश्नांना उतरते. त्यावरून प्रश्न काढता येतो, गुणदानाचा तक्ता करता येतो.

मूल्यमापन आणि मूल्यांकन यांत मराठीने आपसूक एक वाटणी केलेली आहे, ती पाळावी. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखाली विद्यापीठांत ‘परीक्षा व मूल्यमापन मंडळ’ असते. नॅकला मात्र मराठीत ‘राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद’ म्हणतात. म्हणजे विद्यार्थ्याचे मूल्यमापन आणि संस्थेचे मूल्यांकन. हिंदीत दोन्हींना मूल्यांकनच म्हणतात, तिकडून मजकूर उचलला की वाटणी मोडते. ‘पुनर्मूल्यांकन’ हा अपवाद अर्जांपासून निकालांपर्यंत इतका रुजला आहे की त्याला हात लावू नये.

शाळेतून आलेले ‘आकारिक’ (शिकता शिकता सुधारण्यासाठी केलेले) आणि ‘संकलित’ (शेवटी निकालासाठी केलेले) हे शब्दही चांगले आहेत, पण महाविद्यालयातल्या ‘अंतर्गत मूल्यमापना’ला सरसकट आकारिक म्हणू नये. अंतर्गत चाचणीचे गुण थेट निकालात जात असतील आणि विद्यार्थ्याला चूक सुधारायची संधी मिळत नसेल, तर ती महाविद्यालयात घेतलेली संकलित चाचणीच.

‘अटेनमेंट’साठी दोन शब्द वापरावेत. ‘संपादणूक’ एकेका विद्यार्थ्याची, म्हणजे त्याने काय मिळवले. निष्पत्ती वर्गाकडून किती साधली गेली, ती ‘साध्यता’. ‘प्राप्ती’ नको, तिच्या मागोमाग प्राप्तिकर आठवतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही, हिशेब त्यावर अवलंबून आहे. समजा प्रयोग ओळखण्याचा प्रश्न 10 गुणांचा आहे आणि 6 गुण हे लक्ष्य. वर्ग 60 जणांचा, पण प्रश्न पर्यायी असल्याने 50 जणांनीच सोडवला आणि 36 जणांनी लक्ष्य गाठले. 36 ला 50 ने भागले तर 72 टक्के, 60 ने भागले तर 60 टक्के. संस्थेने 60, 70 आणि 80 टक्क्यांना अनुक्रमे 1, 2 आणि 3 अशा पातळ्या ठरवल्या असतील, तर त्याच उत्तरपत्रिकांतून एकदा पातळी 2 निघते, एकदा 1. सोडवणाऱ्यांच्या संख्येने भागणे रास्त, पण दहा जणांनी प्रश्न का टाळला याची नोंद शेजारी हवी. आणि विषयाच्या एकूण निकालाची टक्केवारी साध्यता म्हणून भरणे तर साफ चूक. उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला प्रयोग ओळखता येतातच असे नाही.

गुणांवरून काढलेल्या या प्रत्यक्ष साध्यतेत विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणातून येणारी अप्रत्यक्ष साध्यता मिळवतात, 80:20 हे प्रमाण बरेच ठिकाणी दिसते. प्रत्यक्ष 2 आणि अप्रत्यक्ष 3 असेल तर 1.6 अधिक 0.6, एकूण 2.2. सर्वेक्षणात ‘तुम्हाला प्रयोग ओळखता येतात का?’ असे विचारले की बहुतेक हात वर होतात, म्हणून हा आकडा जवळजवळ नेहमी फुगलेला असतो. त्याला 20 टक्क्यांपेक्षा जास्त वजन देऊ नये.

उरले ‘कोर्स’ आणि ‘प्रोग्राम’. मराठी विभागांत एकेका पेपरला ‘अभ्यासपत्रिका’ म्हणतात, तो शब्द सर्व विषयांनी उचलावा: अभ्यासपत्रिका निष्पत्ती. ‘प्रोग्राम’ला ‘कार्यक्रम’ म्हटले की स्नेहसंमेलन नाहीतर कांदेपोहे डोळ्यांसमोर येतात, त्यापेक्षा ‘पदवी निष्पत्ती’ बरे. स्टाफरूममध्ये सीओ-पीओच (कोर्स आउटकम, प्रोग्राम आउटकम) चालणार, चालू द्यावे.

लेखनाचे म्हणाल तर ‘निष्पत्ती’तली शेवटची ती दीर्घ, पण समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व: निष्पत्तिनिहाय गुण, निष्पत्तिदर्शक तक्ता. अनेकवचन आपत्तीसारखेच, ‘पाच निष्पत्ती’. ‘निष्पत्त्या’ लिहू नये.