जुन्या धाटणीचा डिजिटल कॅमेरा कोकणात घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रत्नागिरीला राहता, आजवर फोनवरच फोटो काढलेत, आता निकॉनचा झेडएफ मनात भरलाय. मित्र म्हणतात तो नुसता दिसायला जुना, त्यापेक्षा निकॉनचाच झेड सिक्स थ्री घे. मी वेंगुर्ल्याची. झेडएफ माझ्याकडे आल्यापासून दोन पावसाळे गेले. जत्रा, रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं), घरचा गणपती, सगळं त्याच्यावरच काढलंय.

मित्र चुकीचं सांगत नाहीत. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर २४.५ मेगापिक्सेलचा, फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. झेड सिक्स थ्री २०२४ चा. त्याचा सेन्सर वेगवान, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) जास्त स्पष्ट, बोटं नीट रुततील अशी पकड, फोकसचा बिंदू हलवायला जॉयस्टिक. झेडएफला ती जॉयस्टिकही नाही आणि ती पकडही नाही. उडते पक्षी, क्रिकेट, लग्नाची कामं हा तुमचा बेत असेल तर मित्रांचंच ऐका.

आता झेडएफमध्ये वेगळं काय ते सांगते. २०२३ च्या सप्टेंबरात तो आला, तेव्हा त्याचं रूप निकॉनच्याच १९८२ च्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावरून घेतलेलं होतं. आमच्या घरी बाबांचा एफएम२ आहे, म्हणून मला ते लगेच ओळखू आलं. वर पितळेचे तीन डायल: शटर स्पीडचा, आयएसओचा (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, कमी-जास्त करण्याचा. आकडे कोरलेले. कॅमेरा बंद असतानाही ते वाचता येतात आणि बदलता येतात. ऐकायला ही गोष्ट लहान वाटेल. पण किनाऱ्यावर दुपारी बाराला उभं राहून बघा. स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो, बाकी काही नाही. डायल मात्र उन्हात उलट जास्तच स्वच्छ दिसतो. फिल्मवाल्यांचा जुना हिशेब आहे: स्वच्छ उन्हात ॲपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकार) एफ/१६ ठेवा आणि शटर स्पीड आयएसओच्या जवळचा. आयएसओ १०० असेल तर १/१२५. पांढऱ्या वाळूवर आणखी एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा. बाबा हा हिशेब बोटांवर करत. मी पिशवीतून कॅमेरा काढतानाच डायल फिरवून ठेवते आणि रापण ओढणाऱ्यांकडे बघत राहते. माणसं दोर खेचताना मागे कधी झुकतात ते बघायला डोळे मोकळे राहतात, मला त्याचंच मोल आहे.

एक्सपोजरच्या डायलचंही तसंच. वाळू आणि फेस बघून कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, फोटो करडा येतो. अंगठ्याने +१ केलं की वाळू पांढरी. मळभ आलं की परत शून्यावर. मेन्यू उघडावा लागत नाही.

आता जे मला खटकतं ते. एक्सपोजर ठरतं तीन गोष्टींवर, आणि त्यातल्या दोनच, शटर स्पीड आणि आयएसओ, बाहेर दिसतात. तिसरी, ॲपर्चर, लेन्सवर लिहिलेलीच नाही. झेडएफसोबत जी ४० मिलिमीटर एफ/२ ची एसई लेन्स देतात, ती जुन्या लेन्ससारखी दिसते, पण तिला ॲपर्चरची रिंग नाही. ते बदलायचं चाकाने आणि वाचायचं वरच्या एका इवल्याशा खिडकीत, तेही कॅमेरा चालू असेल तरच. एफएम२ च्या लेन्सवर हाताने फिरवायची ती रिंग हेच तर त्या कॅमेऱ्याचं अर्धं सुख होतं. निकॉनने डायल दिले आणि रिंग गाळली, हे मला आजही पटत नाही.

यावर माझा तोडगा म्हणजे बाबांची जुनी ५० मिलिमीटरची लेन्स. एफटीझेड नावाचा अडॅप्टर लावला की ती झेडएफवर बसते. ऑटोफोकस नाही आणि ॲपर्चरचा आकडा कॅमेऱ्याला कळत नाही, पण रिंग फिरवली की ॲपर्चर खरोखर बदलतं. हाताची थरथर सावरणारं कॅमेऱ्याच्या आतलं स्थिरीकरणही या लेन्सवर चालतं, फक्त फोकल लेंग्थ (इथे ५० मिलिमीटर) मेन्यूत भरून ठेवायची. शिवाय हाताने फोकस करताना झेडएफ चेहरा ओळखतो, तिथेच चित्र मोठं करून बघता येतं. माझे सगळ्यांत आवडते फोटो याच जोडीने काढलेत. तुमच्या घरात, काकांकडे, मामांकडे कुणाच्या कपाटात जुनी निकॉनची लेन्स पडून असेल तर झेडएफच्या बाजूने हे एक मोठं कारण समजा. नसेल तर त्याची अर्धी मजा तुम्हाला मिळणार नाही.

अंधाराचंही सांगायला हवं, कारण आपल्याकडे फोटो काढण्यासारखं बरंच काही रात्री घडतं. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, देवळासमोर दशावतार उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. कोरलेले आकडे तिथे दिसत नाहीत, डायलला आतून उजेड नाही. आयएसओच्या डायलला मधे कुलपाचं बटण तरी आहे. एक्सपोजरच्या डायलला कुलूप नाही. एका जत्रेत तो पिशवीत घासून -२ वर गेला. संकासुराचा प्रवेश संपून गेला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, नंतर सुधारता येणारी नोंद) होत्या म्हणून थोडेफार वाचले, पण काळोखातले फोटो उजळले की त्यांच्यात दाणे उठतात.

त्याच रात्रीचा दुसरा घोळ सकाळी निघाला. आयएसओ ६४०० वर ठेवलेला होता. जत्रेतून थेट किनाऱ्यावर गेले, रापण येत होती, ऊन चढलं तरी आयएसओकडे माझं लक्षच नाही. १/८००० च्या पुढे शटर जात नाही, म्हणून वीस-पंचवीस फोटो पांढरेफटक. साध्या चाकाच्या कॅमेऱ्यावर ऑटो आयएसओ ठेवला असता तर हे झालं नसतं. झेडएफच्या आयएसओ डायलवर ऑटोची खूणच नाही. ऑटो मेन्यूतून चालू करावं लागतं, आणि मग डायलवरचा आकडा किमान मर्यादा ठरतो. तेव्हापासून किनाऱ्यावर पाय ठेवताना आधी डायलकडे बघायची सवय लागली. तुम्ही फोनवरून येताय, तुम्हाला ही सवय मुद्दाम लावावी लागेल.

दशावताराच्या बाबतीत एक कौतुकही आहे. शटरच्या डायलखाली एक खटका आहे: फोटो, व्हिडिओ आणि काळंपांढरं. हल्ली रंगमंचावर लाल, निळे, जांभळे एलईडी दिवे असतात, राजाचं तोंड एका बाजूने हिरवं आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी. खटका सरकवला की व्ह्यूफाइंडरमध्येच रंग जातात आणि उरतं ते डोळे, मुकुट, हाताची मुद्रा. रॉ फाइलमध्ये रंग शाबूत असतात, त्यामुळे नुकसान नाही. मात्र त्या दिव्यांखाली सायलेंट शटर वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे येतात.

पकडीचं थोडक्यात. बॅटरी आणि कार्डासकट ७१० ग्रॅम, आणि पुढे जेमतेम एक उंचवटा. आपल्या घामट हवेत तो हातातून सुटेल असं वाटत राहतं. ४० मिलिमीटर लेन्स १७० ग्रॅमची, तिच्यासोबत ठीक. मोठी झूम लावली तर मनगट दुखतं. बाहेरून पकड जोडता येते, मी ती पहिल्याच महिन्यात घेतली. होडीत एका हाताने काठ धरून फोटो काढायचे असतील तर ती हवीच.

फुजीफिल्मचा एक्स-टी५ तुम्ही विचारला नाहीत, पण तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सेन्सर लहान, एपीएस-सी, पण ४० मेगापिक्सेल. बॅटरीसकट ५५७ ग्रॅम. त्यांच्या बऱ्याच लेन्सवर ॲपर्चरची खरी, आकड्यांची रिंग आहे आणि शटर, आयएसओच्या डायलवर ऑटोची खूण आहे. म्हणजे तिन्ही गोष्टी कॅमेरा बंद असताना दिसतात. जुन्या पद्धतीने काम करायचं हाच हेतू असेल आणि घरात निकॉनची लेन्स नसेल, तर मी तुमच्या जागी हाच घेतला असता. रात्रीच्या फोटोंत फुल फ्रेमचा फायदा तेवढा सोडावा लागतो.

राहिला पावसाळा. झेडएफ थेंब-धुळीपासून बऱ्यापैकी जपलेला आहे, पण जुनी लेन्स लावली की तो सांधा उघडाच. खरा शत्रू पावसाच्या थेंबांपेक्षा हवेतली ओल. चार महिने ती ६०-६५ टक्क्यांच्या खाली क्वचित येते आणि लेन्समध्ये बुरशी धरते. बाबांची दुसरी एक लेन्स अशीच गेली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि ओल मोजायचं लहान यंत्र. काटा ४० ते ५० च्या मधे ठेवायचा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. खारा वारा लागला असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्यात किंचित ओलं केलेलं फडकं डायलच्या कडांवरून फिरवा, मग कोरडं. तीन डायल म्हणजे मीठ बसायला तेवढ्या जास्त फटी. हे काम असे डायल नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा इथे जास्त आहे, आणि आळस करून चालत नाही.

दुकानात गेलात की झेडएफ आणि झेड सिक्स थ्री दोन्ही आधी बंदच हातात घ्या. झेडएफचे डायल फिरवा, दारातून बाहेरचं ऊन बघून मनात आकडे ठरवा, मग चालू करून एक फोटो काढा. असं दहा-बारा वेळा करा, दुकानदार कुरकुरला तरी. बाराव्या वेळीही डायल फिरवावासा वाटला तर झेडएफ घ्या, आणि सोबत डबा आणि पकड त्याच दिवशी घ्या.